प्राग तीन दिवसांत: एका दिवशी नदीचा एकच काठ

युरोपला जायचं ठरलं की आधी कागदावर यादी उतरते. आठ दिवस, पाच शहरं, मध्ये चार रेल्वे प्रवास. मी शाळेत इतिहास शिकवते आणि सुट्ट्या लागल्या की फिरते, त्यामुळे ओळखीतले बरेच जण अशी यादी घेऊन माझ्याकडे येतात. मी त्यांना सांगते की हाताशी तीन-चार दिवसच असतील तर शहर एकच घ्या, आणि जुनं शहर पाहण्याची हौस असेल तर चेक प्रजासत्ताकाची राजधानी प्राग घ्या.

प्रागच का? दुसऱ्या महायुद्धात युरोपातली कितीतरी शहरं जमीनदोस्त झाली आणि नंतर पुन्हा उभी केली गेली. प्रागवरही फेब्रुवारी 1945 मध्ये बॉम्ब पडले, पण जुना गाभा बहुतांशी शाबूत राहिला. अकराव्या शतकातला रोटुंडा, म्हणजे छोटं गोल चर्च, चौदाव्या शतकातला पूल, अठराव्या शतकातली चर्चं आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या नक्षीदार इमारती, हे सगळं पायी किंवा फार तर एका ट्रामच्या अंतरावर आहे. 1992 पासून हा गाभा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

आता आखणी. व्ल्टावा नदी शहराच्या मधून वाहते. उजव्या काठावर जुनं शहर, ज्यू वस्ती आणि व्हेन्सेस्लास चौक. डाव्या काठावर टेकडीवर किल्ला आणि त्याच्या पायथ्याशी माला स्त्राना नावाचा जुना भाग. माझा नियम सोपा आहे: एका दिवशी एकच काठ. लोक सकाळी घड्याळ, मग पूल, मग किल्ला, मग परत जेवायला जुन्या शहरात असं करतात आणि दोन-दोनदा गर्दीतून नदी ओलांडत बसतात. त्यात वेळ जातो त्याहून जास्त पाय जातात. त्याला जोडून आणखी दोन गोष्टी पाळा. चढ ट्रामने चढायचा, उतार पायी उतरायचा. आणि उघड्यावरच्या जागा अगदी सकाळी किंवा रात्री, आतल्या जागा दुपारी. एवढं सांभाळलंत तर तीन दिवस पुरतात.

कुठला काठ कुठल्या दिवशी, हे वार बघून ठरवा. ज्यू संग्रहालय शनिवारी आणि ज्यू सणांना बंद असतं, म्हणून शनिवार असेल त्या दिवशी किल्ल्याचा काठ घ्या. किल्ला रोज उघडा असतो, पण तिथलं सेंट व्हायटस कॅथेड्रल रविवारी दुपारी बारानंतरच पर्यटकांना उघडतं. नॅशनल गॅलरीच्या इमारती सोमवारी बंद असतात. विमानाचं तिकीट काढण्याआधी हे तीन वार कागदावर मांडून बघा. शनिवार-रविवार धरून जाणाऱ्यांची निम्मी चुकामूक इथेच होते.

महिना म्हणाल तर मला एप्रिलचा शेवट ते मे आणि सप्टेंबर ते ऑक्टोबरचा मध्य आवडतो. जून-जुलैत संध्याकाळी नऊपर्यंत उजेड असतो, त्याची मजा वेगळी, पण गर्दी सोसावी लागते. डिसेंबरात नाताळच्या बाजारासाठी लोक येतात. बाजार सुंदरच असतो, पण दुपारी चारला अंधार पडतो आणि किल्ल्यातल्या इमारतीही चारलाच बंद होतात, म्हणजे पाहण्याचा दिवस अर्धा होतो. हे माहीत असून जाणार असाल तर जरूर जा.

व्हिसाबद्दल थोडक्यात. चेक प्रजासत्ताक 2007 च्या डिसेंबरपासून शेंगेन भागात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, त्यामुळे भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. प्रत्यक्षात दीड-दोन महिने हाताशी ठेवा. किमान 30,000 युरोचं संरक्षण देणारा प्रवास विमा, राहण्याचं बुकिंग, जाण्यायेण्याचं तिकीट आणि बँकेचे कागद लागतात. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने वैध हवा आणि गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा. पासपोर्टवरचं नाव, विम्यावरचं नाव आणि तिकिटावरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय ना, हे एकदा शांतपणे बसून तपासा.

राहायचं कुठे? पहिल्यांदा जाणाऱ्याला वाटतं की जुन्या चौकाच्या अगदी कडेलाच खोली मिळावी. मी ते सुचवत नाही. त्या गल्ल्या रात्री जाग्या असतात. विशेषतः द्लोऊहा रस्त्याच्या आसपास बार आहेत आणि पहाटेपर्यंत आवाज असतो. माला स्त्राना देखणा आहे, पण तिथे दगडी फरसबंदीवरून आणि चढावरून बॅग ओढत न्यावी लागते. मी विनोह्रादी भागात नामेस्ती मीरू मेट्रो स्थानकाजवळ राहते. झाडं आहेत, नेहमीची माणसं राहतात, त्यांच्यासाठीच्या बेकऱ्या आणि खानावळी आहेत आणि मेट्रोची हिरवी लाइन थेट जुन्या शहरात आणि किल्ल्याच्या पायथ्याशी नेते. फक्त त्या स्थानकाचा सरकता जिना 87 मीटर लांब आणि वेगवान आहे. आईला पहिल्यांदा नेलं तेव्हा ती वरून खाली बघून थबकलीच. ज्यांना अशा जिन्याची भीती वाटते त्यांनी तिथून ट्राम धरावी, तीही दारातच मिळते. कार्लीन हा भागही चांगला आणि सपाट आहे. 2002 च्या पुरात तो बुडाला होता, त्यानंतर सगळा नव्याने सावरला.

पत्ता शोधताना एक गोष्ट लक्षात ठेवा. प्रागमध्ये घरांवर दोन पाट्या असतात, एक लाल आणि एक निळी. लाल पाटीवर त्या भागातल्या नोंदीचा क्रमांक असतो आणि तो रस्त्याच्या क्रमाने येत नाही. निळ्या पाटीवर रस्त्यावरचा क्रमांक असतो. पत्त्यात 1234/12 असं लिहिलं असेल तर निळ्या पाटीवर 12 शोधायचं. रात्री बॅग घेऊन पोहोचल्यावर ही माहिती सोन्याच्या मोलाची वाटते.

विमानतळावरून शहरात यायला मेट्रो नाही. 59 क्रमांकाची ट्रॉलीबस विमानतळावरून नाद्राझी वेलेस्लावीन या मेट्रो स्थानकापर्यंत येते, तिथून हिरवी लाइन. बस, ट्राम आणि मेट्रो सगळ्यांना एकच तिकीट चालतं. 24 तासांचं आणि 72 तासांचं तिकीट मिळतं. तीन दिवसांसाठी 72 तासांचं घेतलं की रोजचा हिशोब संपतो. कागदी तिकीट असेल तर पहिल्याच प्रवासात पिवळ्या यंत्रात घालून त्यावर वेळेचा शिक्का उमटवायचा, एकदाच. मेट्रोला फाटकं नाहीत, कोणी अडवत नाही, म्हणून लोक खिशात कोरं तिकीट घेऊन फिरतात. साध्या कपड्यातले तपासनीस येतात आणि शिक्का नसलेलं तिकीट म्हणजे तिकीट नाही, असाच त्यांचा हिशोब असतो. दंड भरावा लागतो.

आता पैसे, कारण प्रागमध्ये पर्यटक सर्वांत जास्त इथेच नागवला जातो. चलन कोरुना आहे, युरो नाही. काही दुकानं युरो घेतात, पण स्वतःच्या दराने. कार्ड जवळपास सगळीकडे चालतं. कार्ड लावल्यावर यंत्राने तुमच्या चलनात पैसे घेऊ का, असं विचारलं तर नाही म्हणा आणि कोरुनाच निवडा. तुमच्या चलनाचा पर्याय दिसायला सोयीचा असतो आणि त्यातला दर तुमच्या तोट्याचा असतो. एटीएम बँकेच्या भिंतीतलं वापरा. गल्लीबोळांत दुकानांच्या दाराशी उभी असलेली रंगीत यंत्रं टाळा. रोख बदलायचीच असेल तर खिडकीवर नोट सरकवण्याआधी हातात नेमके किती कोरुना पडतील ते कागदावर लिहून मागा. आणि हा हक्क लक्षात ठेवा: 2019 पासून तिथल्या कायद्यानुसार 1000 युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करून पैसे परत मागता येतात. पावती मात्र जपून ठेवावी लागते. रस्त्यात कोणी हात धरून चांगला दर देतो म्हणाला तर थांबायचंच नाही. बंद झालेल्या किंवा दुसऱ्याच देशाच्या नोटा हातात येतात.

पहिला दिवस बहुधा प्रवासाचाच असतो. दुपारी पोहोचलात तर बॅगा टाका, आंघोळ करा, तासभर पडा. संध्याकाळी जुन्या चौकात जा. दुपारी जिथे मुंगीला पाय ठेवायला जागा नसते तो चौक रात्री नऊनंतर मोकळा वाटतो. नगरभवनाच्या भिंतीवर ओर्लोय आहे, 1410 सालचं खगोलीय घड्याळ. सकाळी नऊपासून रात्री अकरापर्यंत दर तासाला वरच्या दोन खिडक्यांतून बारा प्रेषितांच्या मूर्ती सरकत जातात, बाजूला उभा हाडांचा सापळा दोरी ओढतो, शेवटी कोंबडा आरवतो. सगळं मिळून मिनिटभरही चालत नाही आणि लोक फोन खाली घेऊन निघून जातात. तुम्ही थांबा. खरं पाहण्यासारखं त्याच्याखाली आहे.

वरच्या मोठ्या तबकडीकडे बघा. मधला निळा भाग म्हणजे क्षितिजावरचं आकाश, दिवस. त्याच्या कडेचा नारिंगी पट्टा म्हणजे पहाट आणि संधिप्रकाश. खालचं काळं वर्तुळ म्हणजे रात्र. सोनेरी सूर्य काट्यावर फिरतो आणि या रंगांवरून सरकत जातो, म्हणजे आत्ता सूर्य आकाशात कुठे आहे ते घड्याळ दाखवतं. चंद्राचा गोळा अर्धा चंदेरी, अर्धा काळा आहे आणि स्वतःभोवती फिरून कला दाखवतो. त्या रात्री वर आकाशात चंद्र असेल तर दोन्ही ताडून बघा. राशींचं कडं त्यावर वेगळं फिरतं. आणि सगळ्यांत बाहेरच्या काळ्या कड्यावर जुन्या वळणाचे सोनेरी आकडे आहेत, 1 ते 24. ही जुनी बोहेमियन, म्हणजे इथली चेक, कालगणना. त्यात दिवस सूर्यास्ताला संपतो, म्हणून ऋतूप्रमाणे ते कडं सरकत राहतं. सहाशे वर्षांपूर्वीच्या माणसांनी हे सगळं दातेरी चाकांवर बसवलं. मे 1945 मधल्या लढाईत घड्याळ जळालं आणि पुन्हा दुरुस्त झालं. मी हे दरवेळी कोणालातरी सोबत उभं करून समजावते आणि मला दरवेळी तितकाच आनंद होतो.

नगरभवनाच्या मनोऱ्यावर लिफ्ट आहे. गुडघे दुखणाऱ्यांना प्रागमध्ये उंचावरून शहर बघायचं असेल तर हीच जागा. तिथून खाली उतरल्यावर इमारतीच्या पूर्वेच्या भिंतीजवळ फरशीत पांढरे क्रॉस बसवलेले दिसतील, सत्तावीस. 1620 मध्ये बिला होराच्या लढाईत बादशहाविरुद्ध उठलेले चेक सरदार हरले आणि 21 जून 1621 रोजी बंडाच्या सत्तावीस पुढाऱ्यांना याच चौकात मृत्युदंड दिला गेला. माणसं त्यांच्यावरून चालत असतात. समोर धर्मसुधारक यान हुसचं स्मारक आहे, 1915 सालचं, त्याला जिवंत जाळलं त्याला पाचशे वर्षं झाली तेव्हा उभारलेलं. पहिल्या संध्याकाळी एवढं पुरे. झोपा.

दुसऱ्या दिवशी डावा काठ, आणि तिथे जायला पूल. चार्ल्स पूल पहाटेच बघायचा. उन्हाळ्यात साडेपाच-सहाला, हिवाळ्यात साडेसातच्या सुमाराला. नऊ वाजले की फिरत्या विक्रेत्यांच्या टेबलांनी आणि माणसांनी तो भरतो. 1342 च्या पुरात आधीचा पूल वाहून गेला, 1357 मध्ये सम्राट चौथ्या चार्ल्सने याचा पाया घातला. लांबी 516 मीटर. 1841 पर्यंत प्रागमध्ये नदी ओलांडायला हा एकच पूल होता. दोन्ही बाजूंना मिळून 30 मूर्ती आहेत आणि बहुतेकांच्या जागी आता प्रतिकृती उभ्या आहेत, मूळ दगड झिजू नये म्हणून संग्रहालयात नेलेला आहे. नेपोमुकच्या सेंट जॉनची मूर्ती 1683 ची, ब्राँझची. तिच्या पायथ्याचे पितळी रंगाला आलेले भाग लोकांच्या हातांनी चकचकीत झालेत. तिथेच रांग लागते. पहाटे रांग नसते.

पुलावरून पलीकडे उतरलात की पायी किल्ला चढू नका. मालोस्त्रान्स्का किंवा जवळच्या थांब्यावरून 22 नंबरची ट्राम धरा. ती वळणं घेत टेकडीवर जाते. प्राझ्स्की ह्राद थांब्यावर उतरलात तर सपाट चालत किल्ल्याच्या मागच्या दाराशी पोहोचता. मी मात्र आणखी पुढे, पोहोरेलेत्सला उतरते. तिथून स्त्राहोवचा मठ दोन मिनिटांवर आहे. 1143 मध्ये स्थापन झालेल्या या मठाच्या ग्रंथालयाची दोन दालनं पाहता येतात, फक्त दारातून. आत पाऊल टाकू देत नाहीत, कारण माणसांच्या श्वासाने आणि वर्दळीने पुस्तकं खराब होतात. दारातून बघण्यासाठी तिकीट कशाला, असं कोणी म्हणालं तर त्यांना बाहेर बागेत बसवा आणि तुम्ही जा. आतलं छत, त्याखालचे पृथ्वीगोल, पांढऱ्या-तपकिरी कातडी पाठींची पुस्तकं: मला तो दरवाजा सोडवत नाही. मठाच्या बागेतून सगळं शहर खाली पसरलेलं दिसतं.

तिथून उतार सुरू होतो. किल्ल्याकडे चालत या. आवार सकाळी सहा ते रात्री दहा उघडं असतं आणि फिरायला फुकट आहे. तिकीट लागतं ते आतल्या इमारतींना, आणि त्या सकाळी नऊला उघडतात. दारावर बॅगांची तपासणी होते, पासपोर्ट किंवा त्याची प्रत जवळ ठेवा. तिकीट आधी ऑनलाइन काढलं तर एक रांग वाचते. दुपारी बाराला पहिल्या चौकात पहारा बदलण्याचा मोठा समारंभ होतो. तो बघायला सगळी गर्दी तिकडे लोटते. मी त्या वेळी कॅथेड्रलमध्ये असते, कारण तेवढा अर्धा-पाऊण तास आत जरा श्वास घेता येतो.

सेंट व्हायटस कॅथेड्रलचं काम 1344 मध्ये सुरू झालं आणि 1929 मध्ये पूर्ण झालं. आत उभं राहून हे दिसतंही. मागचा, वेदीकडचा भाग चौदाव्या शतकातला, पेटर पार्लर या कारागिराच्या हातचा. दाराकडचा भाग एकोणिसाव्या-विसाव्या शतकातला. डाव्या हाताला चित्रकार अल्फोन्स मुखाने रेखलेली रंगीत काचेची खिडकी आहे, ती 1931 ची. म्हणजे एकाच छताखाली सहाशे वर्षांचं अंतर चालून जाता येतं. उजवीकडे सेंट व्हेन्सेस्लासचं छोटं दालन आहे, भिंतींत तासलेले रंगीत दगड जडवलेले. दारातूनच बघायचं, गर्दी असली तरी आपला नंबर येईपर्यंत थांबा.

जुन्या राजवाड्यातलं व्लादिस्लाव दालन बघताना छताच्या कमानी एकमेकींत कशा गुंतत जातात ते मान वर करून बघा. याच राजवाड्याच्या एका खिडकीतून 23 मे 1618 रोजी बादशहाच्या दोन प्रतिनिधींना आणि त्यांच्या लेखनिकाला बाहेर फेकलं गेलं. तिघेही वाचले, पण त्यातून भडकलेलं युद्ध तीस वर्षं चाललं. वर्गात हा धडा शिकवताना मुलांना नेहमी प्रश्न पडतो की खिडकी केवढी होती. तिथे उभं राहिल्यावर उत्तर मिळतं. गोल्डन लेनमध्ये रंगीत बुटकी घरं आहेत. 22 क्रमांकाच्या घरात फ्रान्झ काफ्का 1916-17 च्या हिवाळ्यात लिहायला येत असे. गल्ली अगदी अरुंद आहे आणि दुपारी तिथे ढकलाढकली चालते. वेळ कमी असेल तर ही सोडली तरी हरकत नाही.

उतरायला नेरुदोवा रस्ता घ्या. घरांना नंबर देण्याची पद्धत 1770 मध्ये आली. त्याआधी घर चिन्हावरून ओळखलं जाई, आणि ती चिन्हं इथे अजून दारांच्या वर आहेत. 12 क्रमांकाच्या घरावर तीन व्हायोलिनं आहेत, तिथे व्हायोलिन बनवणारं एडलिंगर घराणं राहत होतं. 47 वर दोन सूर्य. लाल कोकरू, सोनेरी पेला, अशी एकेक शोधत उतरलं की उताराचं भान राहत नाही आणि लहान मुलं कुरकुर करत नाहीत. खाली आल्यावर एप्रिल ते ऑक्टोबरमध्ये असाल तर वाल्डस्टाइन बागेत शिरा. तिथे संसदेचं वरचं सभागृह, सिनेट, भरतं, बाग फुकट आहे, मोर मोकळे फिरतात आणि बसायला बाकं आहेत. पाय सोडून बसा.

दुपारच्या जेवणाबद्दल इथेच सांगते. सोमवार ते शुक्रवार बहुतेक स्थानिक खानावळींत साधारण अकरा ते दोन ठरलेल्या चार-पाच पदार्थांचा दुपारचा मेनू असतो. बाहेर फळ्यावर लिहिलेला असतो, पदार्थ ताजे आणि दर कमी. दिवसाचं मुख्य जेवण तेव्हाच उरका. मांस खाणाऱ्यांनी स्वीच्कोवा मागवावं: गाजर, कंदमुळं आणि सायीच्या दाट रश्शात बीफ, सोबत वाफवलेल्या पिठाच्या लोडाचे काप, ज्यांना क्नेदलीकी म्हणतात. शाकाहारी माणसांना स्माझेनी सीर, म्हणजे तळलेलं चीज बटाट्याबरोबर, जवळपास सगळीकडे मिळतं. ब्राम्बोराच्का हे बटाटा-मश्रूमचं सूप छान असतं, पण ते मांसाच्या पाण्यात शिजवलेलं असू शकतं, म्हणून आधी विचारा. फळं भरलेले क्नेदलीकी वरून लोणी आणि चुरलेलं पनीरसारखं चीज घालून देतात. आई दोन दिवस तेच जेवली आणि खूश होती. धुराड्यासारख्या गोल नळीवर भाजलेलं पिठाचं त्रदेल्निक जिथे तिथे जुना चेक पदार्थ म्हणून विकतात. तो प्रागच्या रस्त्यांवर अलीकडच्या काही दशकांतच पसरला. गोड आवडत असेल तर खा, परंपरा म्हणून खायची गरज नाही. जेवायला चौकाला लागून बसू नका, दोन गल्ल्या आत जा. बिलात ब्रेडचे किंवा बसण्याचे वेगळे पैसे लावलेत का ते बघून द्या.

तिसरा दिवस उजव्या काठाचा. सकाळी उघडताक्षणी योसेफोवमध्ये, ज्यू वस्तीत जा. पिंकास सिनेगॉगपासून, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळापासून, सुरुवात करा. तिच्या भिंतींवर बोहेमिया आणि मोराविया या चेक प्रांतांतल्या, नाझींनी मारलेल्या जवळपास 80,000 ज्यू माणसांची नावं हाताने लिहिली आहेत. आडनाव, नाव, जन्मतारीख, शेवटची ज्ञात तारीख. गावाप्रमाणे आणि घराण्याप्रमाणे. एक भिंत निवडा आणि सावकाश वाचा. एकाच आडनावाखाली पाच-सहा नावं येतात, मग जन्मसालं दिसतात, मग लक्षात येतं की त्यातलं एक मूल तीन वर्षांचं होतं. वरच्या मजल्यावर तेरेझीनच्या नाझी छावणीतल्या मुलांनी काढलेली चित्रं आहेत. लहान मुलांना सोबत नेणार असाल तर आधी घरी बोला.

तिथूनच जुन्या दफनभूमीत जाता येतं. सर्वांत जुना ओळखता येणारा दगड 1439 चा, शेवटचं दफन 1787 चं. जागा वाढवायला परवानगी नव्हती, म्हणून थरावर थर चढत गेले आणि जुने दगड वर उचलून ठेवले गेले. म्हणून ते असे दाटीने, वाकडेतिकडे उभे दिसतात. पुरुषांनी डोकं झाकायचं असतं. पलीकडची जुनी-नवी सिनेगॉग साधारण 1270 ची आहे आणि तिथे आजही प्रार्थना होते. या सगळ्याला तीन तास द्या आणि लगेच दुसरीकडे धावू नका. कॉफी घ्या, बसा.

दुपारी व्हेन्सेस्लास चौक. नाव चौक, पण आहे 750 मीटर लांब रस्ता. दुकानं सोडा, वरच्या टोकाला राष्ट्रीय संग्रहालयासमोर जा. ऑगस्ट 1968 मध्ये इथे सोव्हिएत रणगाडे आले. त्यानंतर जानेवारी 1969 मध्ये यान पालाख या विद्यार्थ्याने निषेध म्हणून स्वतःला पेटवून घेतलं. संग्रहालयासमोर जमिनीत त्याच्या आठवणीचा वळलेला क्रॉस आहे. नोव्हेंबर 1989 मध्ये याच चौकात लाखो माणसं जमली आणि कम्युनिस्ट राजवट कोसळली.

तिथून पायी पंधरा-वीस मिनिटांवर रेस्लोवा रस्त्यावर सेंट सिरिल आणि मेथोडियस यांचं चर्च आहे. सहलीच्या याद्यांत ते क्वचित असतं, आणि मी सोबतच्या प्रत्येकाला तिथे नेतेच. 27 मे 1942 रोजी चेक आणि स्लोव्हाक छत्रीधारी सैनिकांनी नाझी अधिकारी राइनहार्ड हायड्रिखवर हल्ला केला आणि तो नंतर मेला. सात सैनिक या चर्चमध्ये लपले होते. 18 जूनला जर्मनांनी वेढा घातला, तळघरात पाणी सोडलं, तासन् तास लढाई झाली आणि एकही सैनिक जिवंत हाती लागला नाही. रस्त्यावरून भिंतीकडे बघा: तळघराची अरुंद झरोक्याची खिडकी आणि तिच्याभोवती दगडात गोळ्यांचे खळगे. आत स्मारक आहे. भेट देण्याआधी वेळ तपासा, सोमवार टाळा.

यानंतर संध्याकाळसाठी दोन पर्याय. पाय चालत असतील तर मेट्रोच्या लाल लाइनने विशेह्रादला जा. नदीवरच्या कड्यावरचं जुनं ठाणं, अकराव्या शतकातला रोटुंडा, आणि चर्चमागच्या दफनभूमीत संगीतकार ड्वोर्झाक आणि स्मेताना, तसंच चित्रकार मुखा यांच्या समाध्या. तटावरून नदी दिसते आणि गर्दी नसते. पाय बोलत असतील तर संगीताचं तिकीट काढा. रुडोल्फिनम सभागृहात चेक फिल्हार्मोनिक हा वाद्यवृंद वाजवतो आणि एस्टेट्स नाट्यगृहात 1787 मध्ये मोझार्टच्या डॉन जिओव्हानी या ऑपेराचा पहिला प्रयोग झाला होता. तिकिटं त्या संस्थांच्या स्वतःच्या संकेतस्थळांवरून घ्या. चौकात जुन्या काळचा पोशाख घालून पत्रकं वाटणारे असतात, ते वेगळ्याच कार्यक्रमांचे असतात.

कुत्ना होरा हे जवळचं जुनं गाव एका दिवसात होतं का, असं बरेच जण विचारतात. रेल्वेने तासाभरावर आहे, सुंदर आहे, आणि चौथा दिवस असेल तर अवश्य जा. तीनच दिवस असतील तर नको.

सामानात सर्वांत महत्त्वाचे बूट. छोट्या दगडांची फरसबंदी सगळीकडे आहे, पावसात ती निसरडी होते. जाड, मऊ तळव्याचे, आधी महिनाभर वापरलेले बूट न्या. बॅग पुढे घेऊन फिरा, विशेषतः 22 नंबरच्या ट्राममध्ये, पुलावर आणि घड्याळासमोर, कारण खिसेकापूही तिथेच असतात. नळाचं पाणी पिण्यासारखं आहे, बाटली भरून निघा. अडचण आली तर 112 फिरवा. शेवटच्या दिवशी रात्रीचं विमान असेल तर हॉटेलमध्येच बॅगा ठेवून घेतात, सकाळी निघतानाच विचारून ठेवा. उरलेली कोरुनाची नाणी विमानतळावर बदलून मिळत नाहीत, ती आदल्या संध्याकाळीच बेकरीत खर्च करून टाका.